खुनाच्या जुन्या प्रकरणात अक्षर जुळलं, तर पुरावा म्हणून त्याची किंमत किती?

तुमचा प्रश्न नीट वाचला. कळव्यात किराणा दुकान चालवणाऱ्या तुमच्या मामांचा २००४ साली खून झाला आणि आरोपी कधीच सापडला नाही. खुनाच्या आधी त्यांना मराठीत लिहिलेली निनावी धमकीची चिठ्ठी आली होती, ती पोलिसांनी तेव्हाच ताब्यात घेतली. खुनानंतर दीडेक महिन्याने आजीच्या नावाने दोन पानी पत्र आलं, 'दुकान विका आणि गप्प बसा' असं सांगणारं. आजीने घाबरून ते कुणालाच दाखवलं नाही. ती गेल्यावर आता ते तिच्या ट्रंकेत सापडलं, सोबत दुकानाची उधारीची वही. वही मामांचे भागीदार लिहायचे असं तुम्ही म्हणता, आणि दोन्हींतलं अक्षर तुम्हाला एकच वाटतं. फोटो पाहून एका गृहस्थांनी 'शंभर टक्के तोच' असं लेखी दिलंय. हे घेऊन पोलिसांकडे जावं का, एवढ्यावर शिक्षा होईल का, आणि ऐरोलीला तुमच्याकडे राहणाऱ्या आईला हे सांगावं का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ वादग्रस्त कागदपत्रं तपासण्याचं काम करते. रोजचं काम मृत्युपत्रं, वाटणीपत्रं, चेकवरच्या सह्या, सोसायट्यांची कागदपत्रं आणि नवी मुंबईकडची साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांची (संपादित जमिनीच्या बदल्यात मूळ मालकांना मिळणाऱ्या) भांडणं यांचं. खुनाच्या प्रकरणातलं हस्ताक्षर त्या मानाने क्वचित येतं. पण आलं की लोकांच्या अपेक्षा फार मोठ्या असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जे आजच करायला हवं ते. इथे टाकलेले वहीचे आणि पत्राचे फोटो काढून टाका. भागीदारांकडे बोट जाईल असा मजकूरही काढा. बदनामीचा धोका आहेच, पण मला त्याहून मोठी काळजी वेगळी आहे. ज्याच्यावर संशय आहे त्याने हे फोटो पाहिले, तर पोलीस अक्षराचा नमुना घेतील तेव्हा कोणतं अक्षर कसं टाळायचं हे त्याला आधीच कळलेलं असेल. दुसरं, पत्र लॅमिनेट करून ठेवायचा तुमचा विचार आहे, तो सोडून द्या. लॅमिनेशनची उष्णता आणि प्लॅस्टिक यांमुळे कागदावरचे दाबाचे ठसे, बोटांचे ठसे आणि शाईची तपासणी हे सगळं एकदमच हातचं जातं. पत्र आणि त्याचं पाकीट एका मोठ्या कोऱ्या कागदी पाकिटात घाला. त्या पाकिटावर काय लिहायचं ते पत्र आत घालण्याआधी लिहा, नाहीतर तुमच्या पेनाचा दाब आतल्या कागदावर उमटेल. टाचणी, स्टेपल, चिकटपट्टी काही लावू नका. नव्या घड्या घालू नका, जुन्या चोळून सरळ करू नका. टपालाचं तिकीट आणि शिक्का असलेलं पाकीट पत्राइतकंच महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतीतल्या कपाटालाही ओल धरते, तेव्हा कोरड्या जागी ठेवा.

आता मूळ मुद्दा. 'अक्षर जुळतंय' या दोन शब्दांत तुम्ही चार वेगवेगळे प्रश्न एकत्र केलेत. पोलिसांकडची चिठ्ठी आणि आजीला आलेलं पत्र एकाच हातचं आहे का? वही खरोखर भागीदारांच्या हातची आहे का? वहीतला हात आणि पत्रातला हात एक आहे का? आणि पत्र ज्याने लिहिलं त्यानेच खून केला का? माझ्यासारख्या माणसाचं काम पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नापुरतं आहे. दुसऱ्याचं उत्तर साक्षीदारांकडून यायला हवं. चौथ्याचं उत्तर अक्षरात नसतंच. भिंगाखाली कितीही पाहिलं तरी कागदावर फक्त लिहिणारा सापडतो. धमकी देणारा, धमकी लिहून देणारा आणि मारणारा ही तीन वेगळी माणसं असू शकतात. खून झाल्यावर त्याचा फायदा घेऊन दुकान बळकावू पाहणारा चौथाच कुणी असू शकतो.

जगभर गाजलेल्या न सुटलेल्या प्रकरणांत हेच दिसतं. कॅलिफोर्नियात १९६८-६९ मध्ये खून करणाऱ्या आणि स्वतःला 'झोडियाक' म्हणवणाऱ्या माणसाने वर्तमानपत्रांना बरीच पत्रं पाठवली. पत्रं लिहिणारा आणि मारणारा एकच आहे हे अक्षरावरून ठरलं नव्हतं. ऑक्टोबर १९६९ मध्ये मारल्या गेलेल्या टॅक्सीचालकाच्या शर्टाचा रक्ताळलेला तुकडा त्याने पत्रासोबत पाठवला, तेव्हा दोन्ही टोकं जोडली गेली. पुढे ज्या माणसावर सगळ्यात जास्त संशय राहिला त्याचं अक्षर पत्रांशी जुळत नाही असं तपासनिसांनी सांगितलं. तरीही त्याचं नाव चर्चेतून गेलं नाही, आणि खटला कुणावरच उभा राहिला नाही. कोलोरॅडोतलं १९९६ चं जॉनबेने रॅमझी प्रकरण आणखी बोलकं आहे. घरात अडीच पानी खंडणीचं पत्र सापडलं, तेही घरातल्याच वहीच्या कागदावर. तज्ज्ञांनी वडिलांचं अक्षर नाही असं सांगितलं, आईला मात्र वगळता आलं नाही. 'वगळता येत नाही' म्हणजे 'तिनेच लिहिलं' असं नव्हे. पण लोकांनी तसाच अर्थ घेतला आणि वर्षानुवर्षं त्या घरावर तो डाग राहिला. एवढा लांबलचक मजकूर हाताशी असूनही ते प्रकरण आजवर सुटलेलं नाही.

याच्या उलट आपल्याकडचं उदाहरण आहे. मुरारीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९८०. खुनाच्या जागी हिंदीत लिहिलेला मजकूर सापडला होता आणि तो आरोपीच्या हातचा आहे का, हा कळीचा मुद्दा होता. सर्वोच्च न्यायालयाने तिथे सांगितलं की हस्ताक्षर तज्ज्ञाच्या मताला दुसरा दुजोरा हवाच, असा काही अटळ नियम नाही. मात्र हे शास्त्र बोटांच्या ठशांइतकं पक्कं नसल्याने सावधपणे पाहावं, तज्ज्ञाने दिलेली कारणं तपासून घ्यावीत. त्याआधी १९७७ च्या मगन बिहारी लाल प्रकरणात त्याच न्यायालयाने केवळ अशा मतावर शिक्षा करणं धोक्याचं म्हटलं होतं. दोन्ही निकाल एकत्र वाचले की व्यवहारातला अर्थ असा निघतो: चांगल्या कारणांसह आलेलं मत न्यायालय ऐकतं, पण खुनासारख्या गुन्ह्यात त्याच्या जोडीला काहीतरी भक्कम शोधतं. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर 'एवढ्यावर नाही' असं आहे. पण बंद पडलेला तपास पुन्हा सुरू व्हायला हे पत्र पुरेसं आहे, आणि ही लहान गोष्ट नाही.

'शंभर टक्के तोच' म्हणणाऱ्यांविषयी. त्यांनी मूळ कागद पाहिला नाही, मोबाइलचे फोटो पाहिले. फोटोत अक्षराचा आकार दिसतो, पण लिहिण्याची क्रिया दिसत नाही. पेन कुठे टेकलं, कुठे उचललं, दाब कुठे वाढला, रेघ वरून खाली आली की खालून वर गेली, मध्ये हात थबकला का, हे मूळ कागदावर तिरप्या उजेडात आणि सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. त्यांच्या निवेदनात 'लिहिणारा सूडबुद्धीचा आणि लोभी' असंही वाक्य आहे. तो अक्षरावरून स्वभाव सांगण्याचा प्रकार झाला. त्याचे वर्ग ठाणे-डोंबिवलीत भरपूर चालतात, पण कागद कुणी लिहिला हे ठरवण्याशी त्याचा काही संबंध नाही. ते निवेदन पोलिसांना देऊ नका. पुढे बचाव पक्षाच्या वकिलांच्या हाती ते लागलं, तर तुम्ही आधीच माणूस ठरवून मग पुरावा शोधलात असं दाखवायला ते उपयोगी पडेल.

तुम्हाला स्वतःला अक्षर एकच वाटतं, त्याबद्दलही थोडं. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत, वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले कागद एकाच हातचे ठरवण्याची चूक व्यावसायिकांकडून ६.५ टक्के वेळा झाली, तर सामान्य सुशिक्षित लोकांकडून ३८.३ टक्के वेळा. डोळ्यांना सारखेपणा आधी दिसतो, फरक शोधायला शिकावं लागतं. आणि शिकलेल्यांनाही मर्यादा आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८६ तपासनिसांवर केलेल्या मोठ्या अभ्यासात चुकीने 'हाच लेखक' ठरवण्याचं प्रमाण ३.१ टक्के निघालं. लिहिणारी दोन माणसं जुळी भावंडं असतील तेव्हा ते ८.७ टक्क्यांवर गेलं. आमच्या व्यवसायातल्या कुणीही 'शंभर टक्के' म्हटलं तर सावध व्हावं, ते या आकड्यांमुळे. चांगल्या अहवालात पायऱ्या असतात: निश्चित तोच, बहुधा तोच, तसे संकेत आहेत, मत देता येत नाही, आणि तशाच पायऱ्या 'तो नाही' या बाजूलाही. 'मत देता येत नाही' हा निष्कर्ष लोकांना पळवाट वाटतो. पुरेसा मजकूर नसताना तोच प्रामाणिक निष्कर्ष असतो.

तुमच्या कागदांत अशी पायरी कुठवर गाठता येईल, हे ठरेल नमुन्यांवर. या सगळ्या लिखाणातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: तपासणीचा निकाल प्रयोगशाळेत लागण्याआधी कागद गोळा करतानाच लागलेला असतो. कारण सांगते.

तुलना सारख्याशी सारख्याची करावी लागते. पत्र देवनागरीत आहे, तेव्हा भागीदारांनी इंग्रजीत भरलेले बँकेचे फॉर्म किंवा सह्या जवळपास निरुपयोगी. काळही जवळचा हवा. वीस वर्षांत अक्षर बदलतं. वय, चष्मा, मधुमेह, हाताचा कंप, लिहिण्याची सवय सुटणं, सगळ्याचा परिणाम होतो. आज घेतलेल्या नमुन्यात आणि २००४ च्या पत्रात फरक दिसला तर तो माणसाचा की काळाचा, हे सांगणं अवघड. म्हणून २००२ ते २००६ च्या आसपासचा, वाद नसताना सहज लिहिलेला देवनागरी मजकूर सोन्यासारखा. आणि तो भरपूर हवा, कारण कुणीही एक अक्षर दोनदा अगदी सारखं लिहीत नाही. त्या माणसाच्या लिहिण्यात स्वाभाविक फरक किती आहे हे कळल्याशिवाय पत्रातला फरक त्या मर्यादेत बसतो की बाहेर, हे ठरवता येत नाही.

उधारीची वही अशा दृष्टीने चांगली, पण तिच्यात एक मोठी अडचण आहे. दुकानाची वही एकटा माणूस क्वचित लिहितो. मामा स्वतः लिहीत असतील, नोकर लिहीत असेल, संध्याकाळी गर्दीत समोरच्या ओळखीच्या गिऱ्हाइकानेही लिहिलं असेल. कोणतं पान कुणाचं हे सांगणारा साक्षीदार हवा. शिवाय वहीत बहुतेक नावं, आकडे आणि 'तूरडाळ २ किलो' असा मजकूर असतो. पत्रात सलग वाक्यं आहेत. वाक्यातली शब्दांमधली अंतरं, ओळीचा चढ-उतार, समास सोडण्याची पद्धत वहीत सापडणार नाही. म्हणून दुसरे कागद कुठे असतील याचा विचार करा. माझ्या अनुभवात उपयोगी पडलेले कागद अगदी साधे असतात: गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीची जुनी पावती पुस्तकं आणि जमाखर्च, भिशीची वही, चाळ कमिटीची इतिवृत्तं, लग्नातली आहेराची यादी (विश्वासातल्या माणसालाच ती लिहायला बसवतात, आणि व्हिडिओत तो लिहिताना दिसतोही), शाळेत पालक म्हणून दिलेले अर्ज, शिधापत्रिकेचे अर्ज. हे तुम्ही स्वतः कुणाच्या घरात शिरून गोळा करू नका. कुठे काय असू शकेल याची यादी करा आणि ती पोलिसांना द्या. त्यांनी पंचनाम्याने घेतलेल्या कागदाला वजन असतं.

आता भिंगाखाली नेमकं काय बघतो. वळणदार अक्षर, तिरकं अक्षर, मोठं अक्षर, या गोष्टी सगळ्यात आधी नजरेत भरतात आणि सगळ्यात कमी उपयोगाच्या असतात. लिहिणारा मुद्दाम बदलतो त्या नेमक्या ह्याच. शिवाय एका पिढीत, एका शाळेत, एका गुरुजींच्या हाताखाली पाटीवर शिकलेल्यांची वळणं मुळातच सारखी असतात. तुमचे मामा आणि त्यांचे भागीदार एकाच गावचे, एकाच शाळेतले असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा सारखेपणातला मोठा भाग शाळेचा असू शकतो, हे धरून चालायचं. उपयोगी पडतात ते हाताला कळत नकळत जडलेले बारकावे.

शिरोरेषेपासून सुरुवात करते, कारण मराठीत तीच सगळ्यात जास्त बोलते. काही जण शब्द पूर्ण लिहून शेवटी एक रेघ ओढतात, काही अक्षरागणिक ओढतात, काही देतच नाहीत. ओढणाऱ्यांतही रेघ पहिल्या अक्षराच्या किती आधी सुरू होते, शेवटच्या अक्षरापलीकडे किती जाते, वर चढते की सपाट राहते, 'भ' आणि 'ध' वर तुटते की सरळ पुढे जाते, हे त्या त्या माणसाचं ठरलेलं असतं. मग 'क' आधी दंडा मारून लिहिला की आधी पोट काढून. 'व' ची गाठ कोणत्या बाजूने फिरली. 'ल' पाकळीचा की दंडाचा, 'श' देठाचा की शेंडीचा, आणि एकाच पत्रात दोन्ही येतात का. पहिली वेलांटी दंडाला येऊन टेकते की हवेत राहते. उकार दंडातूनच वळून येतो की पेन उचलून वेगळा दिला जातो. अनुस्वार टिंब आहे, गोळी आहे की छोटी आडवी रेघ. रफार कुठून सुरू होतो. मात्रा वरून खाली की खालून वर. आकडे देवनागरी की इंग्रजी, आणि '५' व '९' ची शेपटी कशी. यातली एकेक गोष्ट हजारो लोकांत सापडेल. दहा-बारा गोष्टी एकत्र, पुन्हा पुन्हा, त्याच जागी येतात आणि समजावून सांगता न येणारा एकही फरक उरत नाही, तेव्हा मत पक्कं होत जातं. उलट बाजूने, ज्याचं कारण देता येत नाही असा मूलभूत फरक एक जरी सातत्याने दिसला, तर बाकीचे सारखेपण बाजूला ठेवून थांबावं लागतं.

तुमच्याकडे दोन पानी पत्र आहे ही जमेची बाजू. अक्षर बदलून लिहिणं हे मन लावून करायचं काम आहे. पहिल्या परिच्छेदात माणूस जपून, सावकाश, अक्षर अक्षर कोरत लिहितो. मजकुराच्या भरात दुसऱ्या पानावर वेग वाढतो आणि हात आपल्या सवयीवर येतो. म्हणून मी अशी पत्रं शेवटून वाचायला घेते. पोलिसांकडची चिठ्ठी चार ओळींचीच होती असं तुम्ही म्हणता. एकटी ती असती तर कदाचित मतच देता आलं नसतं. पत्राची जोड मिळाल्यावर तिच्यातही बघण्यासारखं काही निघू शकतं.

शुद्धलेखनाचा मुद्दा तुम्ही मांडलाय, वहीत आणि पत्रात दोन्हीकडे 'आणी' असं दीर्घ लिहिलंय म्हणून. तो पुरावा म्हणून फार ताणू नका. असं लिहिणारे प्रत्येक गल्लीत सापडतील. एखादी खरोखर दुर्मिळ चूक दोन्हीकडे आली तर तिची नोंद होते, एरवी नाही.

अक्षरापलीकडेही त्या कागदात बरंच काही असू शकतं, आणि तुमच्या प्रकरणात मला तिथे जास्त आशा वाटते. पत्राचा कागद वहीतून फाडलेला असेल, तर त्याच्यावर आधीच्या पानाच्या लिखाणाचा दाब उमटलेला असतो. डोळ्यांना न दिसणारा हा दाब विद्युतभारावर चालणाऱ्या यंत्राने उठवता येतो. त्यात एखादा हिशेब, पत्ता, नाव निघतं, आणि ते बनवून लिहिलेलं नसतं. फाटलेली कड मूळ वहीच्या उरलेल्या कडेशी जुळू शकते. कागदावरचे बोटांचे ठसे बरीच वर्षं टिकतात आणि रसायनाने उठतात. पण क्रम महत्त्वाचा: आधी फोटो आणि दाबाची तपासणी, मग ठशांसाठी रसायन. ओलं रसायन एकदा लागलं की दाब पुसला जातो. तुम्ही पत्र देताना अर्जात हे स्पष्ट लिहा, की हस्ताक्षर, दाबाचे ठसे आणि बोटांचे ठसे या तिन्ही तपासण्या योग्य क्रमाने व्हाव्यात. आजवर त्या पत्राला कुणाकुणाचा हात लागला तेही लिहा, म्हणजे घरच्यांचे ठसे वेगळे काढता येतील.

पोलिसांकडे जायचं ते असं. आरोपी न सापडलेला गुन्हा आपल्याकडे बहुधा 'अ समरी' करून बंद होतो, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. तसं झालं असलं तरी दार बंद होत नाही. खुनाला मुदतीची मर्यादा नाही, आणि नवा पुरावा आल्यावर पुढील तपास करता येतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७३(८) खाली होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९३(९) मध्ये आहे. तुमच्या प्रकरणाला नेमकं कोणतं लागू ते फौजदारी वकिलांकडून ठरवून घ्या. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज, गुन्हा नोंदणी क्रमांकासह. मूळ पत्र पंचनामा करूनच द्या, पोच घ्या, स्वतःकडे दोन्ही बाजूंचा स्वच्छ स्कॅन ठेवा. आणि पहिलीच विचारणा करा की २००४ ची चिठ्ठी मुद्देमालात सुरक्षित आहे का, की न्यायालयाच्या ताब्यात आहे. इतक्या वर्षांत मुद्देमाल हलतो, त्यामुळे ती आधी शोधून घ्यायला हवी. तिथे दाद मिळाली नाही तर ठाणे पोलीस आयुक्तालय, आणि त्यानंतर वकिलांमार्फत न्यायालय.

२००४ साली नसलेली एक गोष्ट आज तुमच्या बाजूने आहे. तेव्हा तपास चालू असताना संशयिताला अक्षराचा नमुना द्यायला लावण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये तसं सांगून कायदा करण्याची सूचनाही केली होती. त्यासाठीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३११-अ हे कलम प्रत्यक्ष लागू झालं जून २००६ मध्ये. आता ते नव्या संहितेत ३४९ आहे आणि कारणं नोंदवून, अटक झाली नसतानाही असा आदेश देता येतो. असा नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, हे तर १९६१ मध्येच काथी कालू ओघड प्रकरणात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलंय. नमुना घेताना मूळ पत्र समोर ठेवायचं नसतं. मजकूर तोंडी सांगायचा, शुद्धलेखन सांगायचं नाही, कागद आणि पेन शक्यतो तशाच प्रकारचं द्यायचं, लिहून झालेलं प्रत्येक पान समोरून काढून घ्यायचं, संथ आणि भराभर दोन्ही वेगांत लिहून घ्यायचं. हे सगळे कागद राज्य सीआयडीच्या दस्तऐवज तपासनिसांकडे जातात. वादग्रस्त मजकुराला 'क्यू', घेतलेल्या नमुन्याला 'एस' आणि कबूल असलेल्या जुन्या लिखाणाला 'ए' अशा खुणा पडतात, आणि अहवाल त्याच क्रमांकांत बोलतो.

खासगी तज्ज्ञाचं मत आधी घ्यावं का? मूळ कागद आधी पोलिसांकडे द्या, हे माझं मत. पुढे गरज वाटल्यास न्यायालयाच्या परवानगीने खासगी तपासणी होऊ शकते. कुणाकडेही गेलात तर एक पथ्य पाळा: कागद द्या, कहाणी सांगू नका. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हेच सांगते, कारण 'हाच खुनी' असं ऐकल्यावर डोळे सारखेपणा शोधू लागतात. भागीदारांबरोबर नोकराचे, शेजारच्या दुकानदाराचे, खुद्द मामांचेही नमुने नावं न सांगता ठेवले, तर निष्कर्षाला खरी किंमत येते. आणि हो, मामांचेही. वहीतलं अक्षर त्यांचंच निघण्याची शक्यता आधी मिटवायला हवी.

शेवटी आई. ती दुकानात वर्षानुवर्षं बसायची, भागीदारांना लिहिताना तिने पाहिलंय असं तुम्ही लिहिलंय. कायद्याच्या भाषेत ती तज्ज्ञ नाही, पण ओळखीच्या अक्षराबद्दल साक्ष देऊ शकणारी व्यक्ती आहे. पुरावा कायद्याचं जुनं ४७ वं कलम, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ४१ वं, यासाठीच आहे. तिचं हे ओळखणं निर्मळ राहायला हवं. म्हणून तिला सांगा की आजीच्या ट्रंकेत एक पत्र सापडलंय आणि ते तुम्ही पोलिसांना देताय. भावाचा विषय आहे, तिच्यापासून लपवणं बरोबर नाही. पण वही आणि पत्र शेजारी ठेवून तिला दाखवू नका, तुमचा संशय कुणावर आहे ते सांगू नका, 'हे कुणाचं अक्षर वाटतं?' असं घरी विचारूही नका. तो प्रश्न तपास अधिकाऱ्याने, जबाब लिहून घेताना, पहिल्यांदा विचारू दे. तिने आधीच काही पाहिलं असेल तर तेही जबाबात जसंच्या तसं सांगायचं. आणि त्या दिवशी तिच्यासोबत जा. एवढ्या वर्षांनी ते दिवस पुन्हा आठवताना तिने एकटीने पोलीस ठाण्यात बसू नये.